मडफ्लॅपची अट

लुंबिनीनं गाडीच्या आरशात बघितलं तेव्हा गुणाबाई रस्त्याच्या कडेला दोन्ही हात अंगापासून लांब धरून उभी होती. लुगडं कमरेपासून खाली चिखलानं भरलेलं. तोंडावरही उडाला असावा, कारण तिनं डोळे घट्ट मिटले होते. लुंबिनीचा पाय ब्रेकवर गेला. तेवढ्यात शेताकडनं चार-दोन माणसं येताना दिसली आणि पाय आपसूक उचलला गेला. गाडी पुढं निघाली. घर येईपर्यंत तिनं पुन्हा आरशात बघितलं नाही.

लुंबिनी लातूरला वीज कंपनीत अभियंता होती. आईबाप नायगाव तालुक्यातल्या धनसावळीत. पूर्वी शनिवारी एसटीनं नायगावपर्यंत आणि पुढं ऑटोत दाटीवाटीनं बसून ती गावी यायची. या उन्हाळ्यात तिनं छोटी एसयूव्ही घेतली. बौद्धवाड्यात आलेली पहिलीच चारचाकी. तिच्या बापानं, निवृत्तीनं, गाडीला झेंडूचा हार घातला होता आणि वाड्यातल्या बाया दारं उघडून आत बसून बघून गेल्या होत्या.

गाडी घेताना विक्रेत्यानं विचारलं होतं, "मॅडम, मडफ्लॅप टाकायचे ना? चाकामागं रबरी पट्टी राहिली की चिखल उडत नाही." तिनं गाडीला एक चक्कर मारली होती. चाकावरची ती गोल कमान तिला फार आवडलेली. तिच्यामागं काळं रबर लोंबकळताना कसं दिसेल, या विचारानंच ती म्हणाली होती, "नको."

आता मात्र लातूरला परत आल्यावर गुणाबाईचे ते मिटलेले डोळे तिच्या मनातून जाईनात. शनिवारी जाताना नांदेडला थांबून फ्लॅप बसवून घ्यायचे, असं तिनं ठरवूनही टाकलं. आणि मग निवृत्तीचा फोन आला.

"बाई, गाडी आणू नकोस या बारीला. एसटीनं ये."

"का? काय झालं?"

"रामकिशनअण्णाचा हरिओम पारावर सगळ्यायसमोर बोलून गेला. म्हणे, तुमच्या पोरीला सांगा, फ्लॅप बसवल्याबिगर गाडी आमच्या वाटेनं आणायची न्हाई. आणली तर आडवी पाडू." निवृत्तीचा आवाज बारीक झाला होता. रामकिशन म्हणजे गावातला मोठा कास्तकार, हरिओम त्याचा मुलगा, गुणाबाई त्याची आई.

"त्यांची वाट? सडक सरकारी आहे ना, बाबा?"

"सडक सरकारी हाय. पर त्या सडकेवर घर त्यायचं हाय, आन् आपल्याला रोज तिथूनच जावं लागतंय. तू फ्लॅप बसव. मी जातो, हात जोडून येतो."

"तुम्ही का हात जोडायचे? गाडी मी चालवत होते."

तिनं फोन ठेवला. जे तिनं आपल्या मनानं ठरवलं होतं, तेच आता हुकूम होऊन पुढ्यात आलं होतं. बसवावेत तर हरिओमपुढं मान वाकवल्यासारखं. न बसवावेत तर पुन्हा कुणाच्या तरी अंगावर चिखल. भाऊ अश्वजित पुण्याहून फोनवर तापला, "अजिबात बसवू नको, ताई. आज फ्लॅप म्हणतेत. उद्या म्हणतील, आमच्या दारावरून जाताना खाली उतरून गाडी ढकलत न्या." त्याचं म्हणणं तिला खोटं वाटलं नाही, आणि त्यानं तिचं मन शांतही झालं नाही.

शनिवारी ती गाडी घेऊनच निघाली. नांदेडात शिवमूर्ती नावाच्या माणसाच्या गाडी-सजावटीच्या दुकानासमोर थांबली. त्यानं फ्लॅपचा डबा फोडून चारही पट्ट्या बॉनेटवर मांडल्या.

"बसवायचे ना, मॅडम?"

"थांबा जरा."

तो दुसऱ्या गाडीकडं वळला. पुन्हा आला, पुन्हा गेला. आभाळ भरून आलं होतं. ती त्या पट्ट्यांकडं बघत तशीच उभी. तेवढ्यात आईचा फोन आला. धुरपताबाई सहसा आपण होऊन फोन लावायची नाही.

"निघालीस का गं माय?"

"नांदेडात आहे. आई, तूच सांग, काय करू? बसवू का नको?"

धुरपताबाई म्हणाली, "तुला म्हणून सांगते. गेल्या महिन्यात तू निघालीस ना, म्या सडकेच्या कडंला हुभी व्हते, तुला हात करून राहिले व्हते. सगळा चिखल मह्या अंगावर आलता. पार तोंडापोतर."

"मला का नाही सांगितलं?"

"काय सांगू? तू लई खुशीत व्हतीस."

हरिओम, पार, अश्वजित, सगळं क्षणभर बाजूला झालं. चिखलानं भरलेला हात वर करून उभी असलेली आई तेवढी दिसत राहिली. तिनं शिवमूर्तीला हाक मारली. "बसवा."

नायगाव सोडून ती धनसावळीच्या रस्त्याला लागली तेव्हा पाऊस उघडला होता, पण खड्डे तुडुंब होते. रामकिशनचं घर दिसायला लागलं तशी तिनं गाडी हळू केली. रस्त्यावर ट्रॅक्टर आडवा लावलेला. टायरला टेकून हरिओम आणि त्याचे दोन जोडीदार उभे. मागं फिरायला जागा होती, पण तिनं गाडी थेट ट्रॅक्टरपाशी नेऊन उभी केली.

हरिओम चालत आला. वाकून मागच्या चाकाकडं बघितलं आणि जोडीदारांकडं वळून हसला. "बसवले की रे! बरं हाय, सांगितलं की समजतंय म्हणायचं."

त्या घडीला तिला वाटलं, खाली उतरावं आणि चारही पट्ट्या ओढून काढून त्याच्या पायाशी टाकाव्यात. ती उतरली. पट्ट्यांना हात लावला नाही.

"आजी घरात आहेत का?"

"कामून? काय बोलायचं ते मह्याशी बोल."

"चिखल तुझ्या अंगावर उडाला नव्हता," ती म्हणाली आणि त्याच्या बाजूनं सरळ अंगणात शिरली. मागून कुणीतरी शिवी हासडली. तिनं वळून बघितलं नाही.

ओसरीवर रामकिशन खाटेवर बसला होता. गुणाबाई सुपात मूग निवडत होती. लुंबिनी ओसरीच्या पायरीखाली उभी राहिली. कुणी ये म्हणालं नाही, बस म्हणालं नाही.

"निवृत्तीची का तू?" गुणाबाईनं विचारलं.

"हाव."

"मला एक सांग पोरी. त्या दिशी म्या दिसले का न्हाई तुला?"

"दिसलात."

"मग थांबली का न्हाईस?"

खोटं बोलणं सोपं होतं, आणि ते तोंडापर्यंत आलंही होतं. "भीती वाटली," ती म्हणाली.

"मही?"

"तुमची नाही, आजी. या घराची."

सुपातला हात थांबला. रामकिशननं मान वर केली. अंगणात हरिओम येऊन उभा राहिला होता, तो उसळला, "बघा अण्णा, बघा! आपल्या दारात येऊन कशी बोलून राहिली!"

"भिऊन निघून गेले ते माझं चुकलं," लुंबिनी गुणाबाईकडंच बघत म्हणाली. "त्याची आणि चिखलाची माफी मागायला आले. सडकेवरनं जायची परवानगी मागायला नाही आले."

तेवढ्यात निवृत्ती धापा टाकत अंगणात आला. कुणीतरी त्याला निरोप पोचवला असावा. पायात चप्पल नव्हती. आल्या आल्या त्यानं दोन्ही हात जुळवले. "अण्णा, लेकरू हाय, तिच्याकडनं..."

"बाबा," लुंबिनी म्हणाली, "माफी मागून झाली. ज्याची चूक, त्यानं मागितली."

निवृत्तीचे हात तसेच हवेत राहिले. त्यानं लेकीकडं बघितलं, मग रामकिशनकडं. आणि हळूहळू हात खाली घेतले. लुंबिनीला वाटलं, आता काहीही होईल.

रामकिशन खाटेवरून उठला. बराच वेळ तो निवृत्तीच्या अनवाणी पायांकडं बघत राहिला. मग हरिओमला म्हणाला, "ट्रॅक्टर काढ."

"अण्णा, पण..."

"काढ म्हणलं ना! सडक काय तुह्या बापाची हाय?"

हरिओम जागचा हलेना. त्याचे जोडीदार मात्र एकमेकांकडं बघून हळूच बाहेर सटकले. शेवटी तोही पाय आपटत गेला, आणि ट्रॅक्टर सुरू झाल्याचा आवाज आला. रामकिशन निवृत्तीशी एक शब्द न बोलता घरात निघून गेला.

गुणाबाईनं सूप पुन्हा हाताशी ओढलं. "पुढच्या बारीला थांबायचं," ती मुगाकडं बघत म्हणाली. "रबर असू दे, न्हाईतर नसू दे."

गाडीत बसल्यावर निवृत्तीनं सीटचा पट्टा लावायला घेतला, पण खटका बसेना. लुंबिनीनं तो लावून दिला. मग गाडी घराकडं घेतली.

फ्लॅपवरून गावात दोन्हीकडनं बोललं गेलं. पारावर म्हणाले, पोरगी झुकली. बौद्धवाड्यातले काही जणही तेच म्हणाले, फक्त हळू आवाजात. अश्वजित पंधरवडाभर तिच्याशी बोलला नाही. हरिओम गाडी दिसली की तोंड फिरवतो, पण ट्रॅक्टर त्यानं पुन्हा आडवा घातला नाही.

पोळ्याच्या आधीच्या शनिवारी लुंबिनी गावात शिरत होती. ओढ्याच्या अलीकडं गुणाबाई समोरून येताना दिसली, डोक्यावर गवताचा भारा. मध्ये पाण्यानं भरलेला खड्डा होता. लुंबिनीनं गाडी अलीकडंच थांबवली, इंजिन बंद केलं आणि काच खाली घेतली. गुणाबाई जवळ आली, भाऱ्याखालून तिनं लुंबिनीकडं नीट बघून घेतलं.

"माय घरी न्हाई तुही," ती म्हणाली. "मळ्यात हाय. आत्ता बघून आले."

एवढं बोलून ती खड्ड्याला वळसा घालून निघून गेली. ती बरीच लांब जाईपर्यंत लुंबिनी थांबली, मग गाडी सुरू करून मळ्याच्या वाटेला लागली.