वन्संना झटकन जायचं होतं

माझ्या थोरल्या नणंदेने, सुएनो वन्संनी, मरायचं ठरवलं ते माझ्या स्वयंपाकघरात, सकाळी सव्वासातला. मी मिसोचं सूप ढवळत होते.

“तोकिए, आज एकवीस तारीख. तेन्नोजीला जत्रा असते. आपण जाऊ. मला मरणाचं बघून टाकायचंय.”

“लगेच?” मी विचारलं. “की दोन घास खाऊन?”

“खाऊनच. उपाशीपोटी देवासमोर उभं राहिलं की मला घेरी येते.”

वन्संनी ओसाकात चाळीस वर्षं बायकांचे केस कापायचं दुकान चालवलं. कात्री कानाशी असल्यावर कोण उलट बोलणार? त्यामुळे आपण म्हणू ते जगाला पटतं, असा त्यांचा पक्का समज झालेला. माझा नवरा जाऊन सहा वर्षं झाली होती, त्यांचे यजमान त्याच्याही आधी गेले. दोघींची घरं एकाच गल्लीत. रोज सकाळी त्या न विचारता आत यायच्या, फ्रीज उघडायच्या आणि “हे काय, अजून हाच मुळा?” म्हणून बसायच्या.

मरणाची घाई सुटली ती आमच्या ओळखीच्या मोरिशिताबाईंमुळे. मोरिशिताबाई तीन वर्षं अंथरुणाला खिळलेल्या. सून चमच्याने भरवते, कूस बदलते, सगळं करते. त्यांना बघून आल्यावर वन्सं माझ्याकडे तासभर गप्प बसल्या होत्या. पन्नास वर्षांत असं कधी झालं नव्हतं. मी त्यांच्या कपाळाला हात लावून ताप बघितला.

तेन्नोजीच्या देवळांच्या वस्तीत, दगडी उतारावर, एक चिमुकलं देऊळ आहे. तिथला जिझो देव माणसाला झटकन नेतो म्हणतात. आपले आतले कपडे घेऊन जायचे, पुजारी त्यांवर मंत्र म्हणतात. मग शेवटी कुणाकडून धुणं-पुसणं करून घ्यायची पाळी येत नाही.

आम्ही पोचलो तेव्हा तिथे एक म्हातारेबुवा बाकावर बसले होते आणि तरुण पुजारी सर्दीने बेजार होते. वन्संनी बोचकं सोडून चड्ड्या रांगेत मांडल्या.

“या तीन माझ्या. या तीन हिच्या.”

“माझ्या?” मी ओरडलेच.

“तू आणणार नाहीस हे ठाऊक होतं मला. कालच घेतल्या. दुकानातलं सगळ्यात मोठं माप.”

बाकावरच्या म्हाताऱ्याने मला वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि माप बरोबर असल्यासारखी मान डोलावली.

पुजाऱ्यांनी वही उघडली. “नाव, वय, पत्ता सांगा.”

“पत्ता कशाला?”

“देवाला कळायला हवं ना आजी, कुणाकडे जायचं ते.”

वन्संना हे एकदम पटलं. “लिहा. औषधाच्या दुकानामागची गल्ली, निळं दार. हिरवं नव्हे हं. हिरव्या दारात हिरोसेसान राहतो, चांगला माणूस आहे, पायऱ्यांवरचा बर्फ काढून देतो. आणि देवाला सांगा, ऑक्टोबरच्या आत नको. नातवाचं लग्न आहे.”

“बरं.”

“लग्नानंतर लगेचही नको. फोटो यायचे असतात.”

“आजी, देव तारखा घेत नाही.” पुजारी शिंकले.

“मग माणसाने ठरवायचं तरी कसं?” वन्सं माझ्याकडे वळून म्हणाल्या, “दुकानात असलं गिऱ्हाईक मी उभं केलं नसतं.” आता यात गिऱ्हाईक कोण, देव की पुजारी, ते मी विचारलं नाही.

मंत्र झाले. वन्संनी हात जोडून डोळे घट्ट मिटले. मीही जोडले, पण काय मागावं ते सुचेना, म्हणून पुजाऱ्यांची सर्दी बरी होऊ दे म्हटलं.

मग मोठ्या देवळाच्या आवारातल्या जत्रेत फिरलो. वन्संनी दोन वाडगे उदोन, म्हणजे रश्शातल्या जाड शेवया, खाल्ल्या, माझ्या वाडग्यातला तळलेला टोफूही उचलला आणि कासवांच्या तळ्याजवळच्या बाकावर टेकल्या. ऊन छान होतं. कासवं एकमेकांच्या पाठीवर चढून बसली होती. मी पाणी आणायला गेले. परत आले तर वन्संची मान कलंडलेली, तोंड उघडं, एक डोळा अर्धा उघडा.

“वन्सं?”

काही नाही.

“वन्सं, पाणी.” मी खांदा हलवला. हात घसरून मांडीवरून खाली लोंबला.

माझ्या मनात पहिला विचार आला, तो खरा सांगते: देव कामाला चोख आहे. जेमतेम तास झाला होता. दुसरा विचार आला की उद्या सकाळी माझा फ्रीज कोण उघडणार. आणि मग मी अशी भोकाड पसरून रडले की तळ्यातली कासवं पाण्यात पडली.

शेजारी जुन्या किमोनोंचा ठेला होता. तिथली धिप्पाड मालकीण धावत आली. तिने मांडलेल्या सामानातला एक पितळी आरसा उचलला आणि वन्संच्या नाकाखाली धरला.

“वाफ नाही धरत,” ती गंभीरपणे म्हणाली.

नंतर कळलं की तो आरसा इतका काळवंडलेला होता की त्यावर कशाचीच वाफ धरली नसती. पण त्या वेळी कोण बघतंय? आजूबाजूला माणसं जमली. एका गृहस्थाने टोपी काढली. एका बाईने पर्समधून गोड गोळी काढून माझ्या तोंडात घातली. “चघळा, बरं वाटेल.” कुणीतरी रुग्णवाहिकेला फोन लावायला लागलं.

“आजारी होत्या का हो?” टोपीवाल्याने विचारलं.

“छे हो!” मी गोळी गालात सरकवून हुंदके देत म्हणाले. “आत्ता दोन वाडगे उदोन खाल्लं. सकाळी उतारावरच्या जिझोकडे मागणं मागितलं, की झटकन ने म्हणून.”

जमलेली माणसं आणखी जवळ सरकली. बहुतेक सगळे सत्तरीपुढचे.

“आज सकाळी मागितलं?” गोळीवाली बाई म्हणाली.

“साडेदहाला.”

“आणि आत्ता साडेअकरा.” टोपीवाल्याने घड्याळ पाहिलं. “कुठला उतार म्हणालात?”

“वेदना झाल्या का?” मागून कुणीतरी विचारलं.

“चेहऱ्यावरून तर नाही वाटत,” किमोनोवाली म्हणाली. “पोटभर जेवून, उन्हात. आणखी काय हवं माणसाला?”

दोघी बायका देवळाचा पत्ता लिहून घेऊ लागल्या. एकीने मला विचारलं, कपडे नवे लागतात की वापरलेले चालतात. रडता रडता मी उत्तरं देत होते. टोपीवाले काका तर उताराकडे निघालेसुद्धा.

“वय काय होतं हो?” फोनवाल्याने विचारलं. “ते विचारताहेत.”

“एकोणऐंशी,” मी म्हणाले.

“अठ्ठ्याहत्तर!” बाकावरून आवाज आला. “नोव्हेंबरपर्यंत अठ्ठ्याहत्तर!”

किमोनोवालीच्या हातातून आरसा पडला. वन्संनी तोंड पुसलं, जमलेल्या गर्दीकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. “आणि तू का अशी रडतेयस? नाक बघ केवढं झालंय. लोक काय म्हणतील?”

“तुम्ही मेला होतात!”

“झोपले होते. दोन वाडगे खाल्ल्यावर कुणालाही झोप येते.”

लोकांनी सुस्कारे टाकले, पण ते आनंदाचे होते असं मी म्हणणार नाही. पत्ता लिहिणाऱ्या बाईने तो कागद चुरगाळला. फोनवाला फोनमध्ये वाकून वाकून माफी मागू लागला. गोळीवालीने माझ्याकडे असं पाहिलं, जणू गोळी परत मागणार.

वन्संना सगळी हकीकत सांगितली तेव्हा त्या हसल्या नाहीत. पिशवी उचलली आणि तडक उताराकडे निघाल्या. त्या जिझोच्या देवळासमोर सात जण रांगेत उभे होते, सगळ्यात पुढे टोपीवाले काका. पुजारी एका हाताने नाक धरून दुसऱ्या हाताने नावं लिहीत होते.

“काय झालंय आज?” ते म्हणत होते. “महिन्यात मिळून एवढे येत नाहीत.”

“काही उपयोग नाही!” वन्सं रांगेला म्हणाल्या. “ती मेलेली मीच!”

रांग विस्कटली. टोपीवाल्यांनी मुकाट्याने टोपी डोक्यावर चढवली. पुजारी अवघडून गेले. “आजी, आता काय?”

“माझं मागणं परत घ्यायचंय.”

“मंत्र परत नाही घेता येत.”

“मग पुढे ढकला.”

“कशासाठी?”

वन्संनी अंगठ्याने माझ्याकडे खूण केली. “ही नीट रडायला शिकेपर्यंत. परक्या माणसांसमोर काय तो अवतार! माझ्यामागे हिला कोण सावरणार?”

पुजाऱ्यांनी जरा विचार केला. मग हळूच म्हणाले, “समोरच्या देवळात दीर्घायुष्याचा देव आहे. तिथे मागून बघा. दोघे आपापसात काय ते ठरवतील.”

आम्ही तिथेही गेलो. मग घरी जायच्या ट्राममध्ये, दोन थांबे गेल्यावर, वन्संनी विचारलं:

“मी पडले अंथरुणाला, तर करशील?”

“करीन.”

“चिडचिड करत?”

“खूप.”

त्यांनी आणखी एक थांबा विचार केला. “चालेल,” म्हणाल्या.

याला आता चार वर्षं होतील. नातवाचं लग्न झालं. नवरीची केशरचना वन्संना पसंत पडली नाही आणि त्यांनी ती हॉलच्या बायकांच्या खोलीत उलगडून स्वतः परत बांधली. नवरी अजून त्यांच्याशी जपूनच बोलते.

गेल्या हिवाळ्यात बर्फावर घसरून त्यांचं मनगट मोडलं. सहा आठवडे मी त्यांचे केस धुतले. मान बेसिनवर टेकवून त्या डोळे मिटून पडायच्या आणि पहिल्या दिवसापासून सूचना चालू असायच्या. “नखं नको, बोटांची पेरं. कानामागे. अगं, पातेलं घासतेयस का?” चौथ्या आठवड्यात एकदा बराच वेळ काहीच बोलल्या नाहीत. मी थांबले.

“वन्सं?”

“जिवंत आहे,” त्या म्हणाल्या. “पाणी जरा कोमट कर.”