एकशे अठराव्या पानावरची आई

अर्पिता मुनेश्वरची कादंबरी उन्हाळ्यात निघाली. अंथरुणाला खिळलेला तरुण मुलगा आणि त्याचं सगळं करणारी आई, एवढीच गोष्ट. अर्पिता मावला गावातल्या शाळेत शिकवते. तिचा भाऊ हर्षदीप जैनथच्या रस्त्यावर ऑटो उलटून मानेखाली लुळा पडला, अकरा वर्षं तसाच राहिला आणि दोन वर्षांपूर्वी एका दुपारी घशात कफ अडकून गेला. अर्पिता तेव्हा शाळेत होती. माय, रुख्मिणीबाई, बाहेर नळावर पाणी भरत होती. हे गल्लीतल्या सगळ्यांना माहीत होतं.

कादंबरीत अर्पितानं तेवढंच बदललं. तिच्या कादंबरीतल्या आईला मुलाची हाक ऐकू येते. हातातला चहा तसाच धरून ती बसून राहते.

पावसाळा सरता सरता वाचक मंडळानं विनोदिनीबाईंच्या घरी पुस्तकावर चर्चा ठेवली. माय म्हणाली, "मी बी येते. लोकं तुयं नाव घेतीन, मी आयकीन." ती चौथीपर्यंत शिकलेली. बारीक अक्षर तिला लागायचं नाही, पुस्तक तिनं वाचलं नव्हतं. अर्पितानं दोन-तीन कारणं काढून पाहिली. माय तोवर धुतलेलं लुगडं नेसून तयार झाली होती.

पंधराएक माणसं होती. विनोदिनीबाईंनीच सुरुवात केली. पुस्तक संपल्यावर दोन दिवस त्यांना स्वयंपाक सुचला नव्हता, तरी त्यांनी ते बहिणीला वाचायला पाठवलं होतं.

बँकेतला गंधार म्हणाला, "मी अर्ध्यात सोडलं, मॅडम. दिवसभर काउंटरवर लोकांचं दुखणं ऐकतो. घरी येऊन पुन्हा तेच काऊन वाचू? एखाद्या पानावर तरी माणूस हसला पाहिजे ना."

"हसवलं असतं तर मी फेकून दिलं असतं," अपूर्वा म्हणाली. ती बी.एड. करत होती. तिच्या घरी आजोबा तीन वर्षांपासून पडून होते. "पहिल्यांदा कोणी मला धीर धर म्हटलं नाही."

दोघांची जुंपली. मग विठ्ठलराव उठले. ते निवृत्त मुख्याध्यापक, मंडळातले सगळ्यांत जुने वाचक. त्यांनी पानात कागद घालून आणला होता.

"भाषा चांगली हाय. पण एकशे अठराव्या पानावर तुमी खोटं लिवलं." चष्मा लावून त्यांनी तो उतारा सगळा वाचून दाखवला. हाक, पुन्हा हाक, हातातला चहा. अर्पिता मागं वळून बघू शकली नाही. "अशी आई नसते. वाचकाले धक्का द्याचा म्हणून लिवलं हे."

"सर, इतकी वर्षं करून करून आई पण..." अर्पिता म्हणू लागली.

"चाय नव्हती," मागून आवाज आला.

सगळ्यांनी वळून पाहिलं. माय भिंतीशी, सतरंजीवर बसली होती.

"नुसतीच बसली होती मी. पायरीवर. दोनदा आवाज देला त्यानं. नळाले त पाणीच नव्हतं त्या दिवशी."

विठ्ठलरावांनी चष्मा काढला. "बाई, मले मालूम नव्हतं," ते कसेबसे म्हणाले. विनोदिनीबाई रडत मायचा हात धरायला गेल्या. तिनं हात सोडवून घेतला आणि दाराशी चपला शोधू लागली.

घरी आल्यावर अर्पितानं तिला पाणी दिलं. "माय, मी ते मनानं लिवलं होतं. खरंच. मले काईच मालूम नव्हतं."

मायनं पेला तसाच खाली ठेवला.

"मनानं लिवलं. मंजे मी तसं करीन, असं तुया मनात होतंच ना?"

नाही म्हणायला हवं होतं, एवढं अर्पिताला कळत होतं.

गोष्ट पसरायला आठवडा लागला. रविवारच्या वंदनेला विहारात गल्लीतल्या कुसुमबाई मायच्या बाजूनं भांडल्या. अकरा वर्षं कोणी त्याची कूस बदलायला आलं होतं काय, असं त्यांनी तोंडावर विचारलं. दुसऱ्या बायका काही बोलल्या नाहीत, फक्त मायशेजारची जागा रिकामी ठेवू लागल्या. दोन रविवार तसं बसून माय आपल्या बहिणीकडं, जैनथला, राहायला गेली.

पुस्तकाची मात्र मागणी वाढली. दुसऱ्या आवृत्तीच्या वेळी अर्पितानं प्रकाशकाला फोन करून ते पान काढायला सांगितलं.

"ताई, लोक त्याच पानाबद्दल बोलून राह्यले," तो म्हणाला. "अन् आता काढून काय होणार?"

तिनं पुढं वाद घातला नाही.

सुट्टीच्या दिवशी ती बसनं जैनथला जायची. माय जेवायला वाढायची, शाळेचं विचारायची, पण समोर बसायची नाही. नंतर नंतर मावशीच दाराशी यायची. "डोळा लागला तिचा," म्हणायची, सकाळच्या अकरा वाजता. अर्पिता ओट्यावर थोडी टेकायची आणि परतीची बस धरायची. फेब्रुवारीपासून तिनं जाणं सोडलं.