पितळी थाळीचा कौल

बायको शालूबाई गेल्याचं जोतीरामला कळलं, त्या दिवशी आटपाडीत एका बुवाच्या मांडवापुढं पाय ठेवायला जागा नव्हती. लढाई संपून तो पलटणीतून कायमचा घरी निघाला होता. गर्दी कसली म्हणून थांबला, तर शेजारच्या सिद्धूनं त्याच्या डोक्यावरची ट्रंक उतरवून घेतली.

"वैनी ऱ्हाईल्या न्हाईत रं, जोतीराम. गेल्या अवसेला गेल्या."

तेवढ्यात मांडवात चट् असा आवाज झाला आणि सगळी माणसं हात जोडून वाकली.

बाकीचं त्याला घरी आईकडून, रंगुबाईकडून कळलं. शालूबाईला हिवताप होता. दवाखान्यातून क्विनाईन आणलं होतं. पण बुवानं कौल लावला. रोग्यानं घरची घोंगडी न्यायची. बुवा ती एका काळ्या चकतीवर खसाखसा घासणार, चकतीवर दोऱ्यांनी टांगलेली पितळी थाळी ठेवणार, नमस्काराला थाळीला बोट लावणार आणि दोरे धरून ती उचलणार. थाळी रोग्याच्या बोटाजवळ नेली की ठिणगी उडायची. उडाली की बुवा देवीच्या नावानं गरजायचा, "आईनं पदरात घेतलं! आता औषधाला शिवशील तर आई पदर झटकेल!" ज्याचा नैवेद्य अपुरा, त्याला ठिणगी नाही. पावसाळ्यात तर कुणालाच नाही, कारण तेव्हा म्हणे आई माहेरी जायची. शालूबाईला ठिणगी मिळाली आणि तिनं क्विनाईन सोडलं.

"आपल्याच घोंगडीवर आली रं आई," रंगुबाई म्हणाली. "घोंगडीवर कुणी खोटं बोलतंय व्हय?"

त्या मुलखात पंच घोंगडीवर बसतात, शपथ घोंगडीवर घेतात. चोरसुद्धा घोंगडीवर बसला की कबुली देतो. बुवानं नेमकं तेच हेरलं होतं.

आणि आता विजयमाला, जोतीरामची दहा वर्षांची पोर, त्याच तापानं फणफणत होती. तिच्यासाठीही ठिणगी उडाली होती. जोतीरामनं क्विनाईन पुढं केलं, तर तिनं दात आवळले. जबरदस्तीनं घातलं, ते थुंकून टाकलं. "आण्णा, आई पदर झटकंल," एवढंच म्हणत राहिली.

तो तडक गंगाधर मास्तरांकडं गेला. मास्तर शाळेत विज्ञान शिकवायचे. त्यांनी ऐकून घेतलं आणि शांतपणे सांगितलं, की चकती लाखेची असणार, आणि ठिणगी म्हणजे घर्षणाची वीज.

"म्हंजे तुमाला ठावं हुतं?"

"होतं. पण मला कुणी विचारलं नाही."

"माझी बायकू मेली, मास्तर. ती कशी इचारंल?"

मास्तर उठले. ग्रामोफोनची एक लाखेची तबकडी, पितळी झाकण आणि रेशमाचे दोरे घेऊन जोतीरामबरोबर चालू लागले.

रंगुबाईला घोंगडीसकट घरून आणून मांडवात पुढं बसवलं आणि जोतीरामनं ती घोंगडी तबकडीवर घासली. वर झाकण ठेवलं, बोट लावलं, दोरे धरून उचललं आणि रंगुबाईच्या बोटाजवळ नेलं. चट्. म्हातारी दचकली.

"आईची विटंबना!" बुवा ओरडला. "भस्म होशील!"

"मग हून दे की भस्म. तवर बघ." जोतीरामनं झाकण परत ठेवलं आणि या खेपेला बोट न लावता उचललं. काही झालं नाही. बोट लावलं, चट्. न लावलं, काही नाही.

मास्तर मोठ्यानं सांगू लागले. कोरड्या हवेत लोकर घासली की लाखेवर वीज साठते. वर ठेवलेल्या पितळेला बोट लावलं, तर एका जातीची वीज बोटातून अंगात, अंगातून जमिनीत उतरते. दुसऱ्या जातीची पितळेत अडकते. रेशमातून तिला वाट नसते. माणसाचं बोट जवळ आलं की ती उडी मारते आणि झाकण रिकामं होतं. बोट लावलंच नाही, तर पितळ उचलल्यावर होतं तसंच रिकामं राहतं. नैवेद्य अपुरा पडला की ठिणगी नाही ती अशी. आणि दमट हवेत लाखेवरची वीज टिकत नाही. पावसाळ्यात आई माहेरी जाते ती अशी.

गर्दीतून कुणीतरी म्हणालं, "बुवा, थाळी आण. बोट न लावता उचल बघू." बुवा थाळी पोटाशी धरून बसला.

रंगुबाईनं स्वतःच्या बोटाकडं बघितलं.

"शालूच्या टायमाला यानं बोट लावलं हुतं," ती म्हणाली. "मी बघितलं. मला वाटलं, पाया पडतोय."

घरी जाऊन तिनंच पोरीचं डोकं मांडीवर घेतलं आणि क्विनाईन पाजलं. "थुकू नगंस. मी चुकले, बाय," म्हणाली. पोर वाचली.

घोंगडी खोटं बोलली नव्हती. लोकरीनं लाखेवर जे करायचं तेच केलं. खोटं बोलला तो माणूस, आणि त्याच्या बोटाकडं कुणी बघितलं नाही. चमत्कार दिसला की हात जोडू नका. करणाऱ्याचे हात बघा. तो कधी करतो, कधी टाळतो, ते बघा. ठाऊक असेल तर कुणी विचारायची वाट न बघता बोला. आणि औषध सोडायला सांगेल त्याला दारात उभं करू नका.

जोतीरामनं फौजदाराकडं फिर्याद नेली. ठिणगी पाडणं हा गुन्हा होत नाही, असं सांगून त्यानं परत पाठवलं. बुवा जतकडं गेला. तिथं त्याचा मांडव उभा आहे आणि कौल चालू आहे. तो अजून कुणी बंद केलेला नाही.