पलीकडच्या नंबरची गाडी

"ओढू नका हो. फाटली की चिकटा तसाच राहतो काचेवर. पाणी मारा, कोपऱ्यातनं नख घाला, मग हळूहळू."

"तुम्हीच सोला ना मग," टॅक्सीवाला म्हणाला. "आमच्याकडे चालते ही फिल्म. त्या झाडापाशी होतो तोवर मी कायद्यात होतो, इथं आलो की गुन्हेगार?"

"हो," हवालदार म्हणाला आणि बादली त्याच्याकडे सरकवली.

सीमेवरच्या नाक्याचं काम एवढंच. पलीकडच्या राज्याच्या नंबरची गाडी अडवायची, यंत्राने काच मोजायची, उजेड कमी भरला की तिथल्या तिथे काळी फिल्म सोलायला लावायची. आपल्या नंबरची गाडी काळी ठिक्कर असली तरी मान वळवायची. ही दुसरी गोष्ट कुठल्याच कायद्यात लिहिलेली नव्हती, म्हणून ती कधी बदलत नव्हती. हवालदाराने एकदाच मान वळवली नाही. आतून एका पुढाऱ्याचा भाचा उतरला. तेव्हापासून हवालदार या नाक्यावर होता. बदलीचे अर्ज करून थकला, आता निवृत्ती तोंडावर आली. कायदा सगळ्यांना सारखा, असं म्हणणाऱ्याला एक दुपार इथे उन्हात उभं करावं.

आज त्याची लेक येणार होती. लग्न होऊन पलीकडे गेली ती एकदाही माहेरी आली नव्हती. जावई पाठवतच नव्हता. आई अंथरुणाला खिळली, तेव्हा कुठे तो तयार झाला. हवालदाराने फोनवर बजावलं होतं, "गाडीची फिल्म काढून या म्हणावं."

"ते ऐकायचे नाहीत, बाबा."

"मग सकाळी लवकर या. मॅडम यायच्या आत."

जावई भर दुपारी आला. नाक्याच्या इन्स्पेक्टर मॅडम सावलीत खुर्ची टाकून बसल्या होत्या. हवालदाराने गाडी ओळखली आणि हात खालीच ठेवला. मॅडमनीच शिट्टी मारली.

काच चार बोटं खाली आली. "काय मामा, घरी पाणी द्यायच्या आधीच यंत्र लावता का?"

मॅडम जवळ आल्या. "ओळखीचे आहेत?"

"लेक-जावई आहेत, मॅडम. हिची आई फार आजारी आहे. घरी पोचल्यावर मी स्वतः काढतो फिल्म. नाही काढली तर मला काय ते करा."

"वा, काका," टॅक्सीवाला बादलीपाशी उभा राहून म्हणाला. "आमचा सासरा नाक्यावर नाही म्हणून आम्हीच सोलायचं होय?" रांगेतले हसले. दोघातिघांनी मोबाइल वर धरले.

मॅडमनी मोबाइल बघितले. "काढा. आत्ता. नाहीतर तुमच्याविरुद्ध लिहावं लागेल मला."

"काढा की, मामा," जावई म्हणाला. "पण फिल्म निघाली की गाडी इथूनच मागे वळेल. सासऱ्याने रस्त्यात माझी गाडी सोलायची आणि मी त्याच्या घरी जाऊन जेवायचं? एवढा मेलो नाही मी."

हवालदार पलीकडच्या बाजूला गेला. लेकीने काच खाली घेतली. चेहरा वाळला होता तिचा.

"तू उतर. रिक्षाने जाऊ. आई दाराकडे डोळे लावून पडलीय."

तिने दाराच्या कडीला हात घातला.

"उतर ना," जावई अगदी गोडीत म्हणाला. "पोर राहील माझ्याजवळ."

तिचा हात कडीवरून निघाला आणि मांडीवर येऊन पडला.

"असं करू नका, जावईबापू. एक तासभर. नुसतं तोंड दाखवू दे आईला."

"काढा, बाबा," लेक म्हणाली. "लोकांसमोर हात जोडू नका यांना."

आपले हात जोडलेले आहेत हे हवालदाराला तेव्हा कळलं.

त्याने पाणी मारलं. आधी जावयाची काच, मग लेकीची. आता कोणी हसत नव्हतं. तेवढ्यात आपल्या नंबरची एक काळीभोर गाडी धुरळा उडवत गेली. मॅडमना नेमकं त्याच वेळी मोबाइलमध्ये काहीतरी बघायचं होतं. हवालदार मागच्या काचेकडे वळला. फिल्म सालीसारखी सुटत आली, आणि आत नात दिसली. मान कलती करून झोपलेली, घामाने केस कपाळाला चिकटलेले. आजवर ती त्याने फक्त फोनवरच्या फोटोत पाहिली होती. फोटोत ती एवढी मोठी वाटत नव्हती.

"झालं?" जावयाने विचारलं आणि गाडी सुरू केली.

पुढे दुभाजक तुटलेला होता, तिथून गाडी वळणार होती. दोन्हीकडून ट्रक सुसाट येत होते. जावई रागात होता, बघत नव्हता. हवालदार धावत रस्त्याच्या मधोमध गेला आणि दोन्ही हात आडवे करून उभा राहिला. ब्रेक करकचले. गाडी त्याच्यासमोरून सावकाश वळली. लेक मागे वळून पोरीच्या तोंडावरचं ऊन ओढणीने अडवत होती. सोललेल्या काचांतून सगळं ऊन आत आलं होतं. पोर जागी झाली होती, आणि रस्त्यातल्या कुठल्याही पोलिसाकडे लहान मुलं बघतात तशी त्याच्याकडे बघत होती.

गाडी झाडांपलीकडे गेली तरी हवालदाराचे हात तसेच आडवे होते. सगळ्यात पुढच्या ट्रकवाल्याने इंजिन बंद केलं, कोपर खिडकीत टेकवलं आणि तो थांबून राहिला.