चौथी पायरी

“माणूस तुम्ही पाडलात, साहेब, आणि खापर माझ्या डोक्यावर फोडलंत!”

“काय पाडलं?” आत्यानं कानामागे हात धरला. “मला ऐकवतेयस की चपलांना?”

ती खरंच चपलांकडे बघून बोलत होती. मान वर करून तिनं पुन्हा सुरुवात केली. आत्याला ऐकू जाईपर्यंत घसा ताणायचा, हीच रोजची तालीम.

शिड्यांच्या कारखान्यात ती तपासनीस होती. शिडीला वजन टांगायचं, पायऱ्या हलवून बघायच्या, वहीत लिहायचं. बोलावं लागणार नाही, म्हणून तर तिनं ही नोकरी धरली. पण तिथला रिवाज भलताच. सकाळी सगळ्यांची उभ्या-उभ्याच बैठक व्हायची, त्या उभ्या बैठकीत तोंडानं सांगितला तरच दोष. वहीतलं म्हणजे नुसती शाई. साहेब दारातूनच विचारायचे, “काही आहे?” आणि तिचा शब्द घशाशी येईपर्यंत पाठ फिरवून चालते व्हायचे.

चौथी पायरी जखडणारं रिबीट ढिलं आहे, हे तिनं तीनदा लिहिलं. तिन्हींखाली साहेबांची सही. मग त्याच पायरीवरून एक रंगारी कोसळला. अजून अंथरुणातून उठलेला नाही. चौकशीत साहेब म्हणाले, “मुकी आहे हो ती. मूग गिळून बसली.” खोटं बोलायलाही घसा लागतो, तो त्यांना होता. वही कुणी मागितलीच नाही. मालकांनी तिला महिनाभर बोलायला शिकवणाऱ्या वर्गाला धाडलं. शेवटी उभ्या बैठकीत बोलून दाखवायचं, नाहीतर घरी बसायचं.

वर्गातल्या बाई सांगायच्या, हसा, हात मोकळे सोडा. ते तिला जमलं नाही, आणि हसायचं तर मुळीच नव्हतं. तिनं एकच गोष्ट उचलली. प्रश्न छोटा विचारा आणि उत्तर येईपर्यंत गप्प राहा. “हे सगळ्यांत अवघड,” बाई म्हणाल्या. “पाच मोजेपर्यंत माणसाला राहवत नाही.”

तिला राहवत होतं. जन्मभर तिनं दुसरं केलं काय होतं?

शुक्रवारी मालक स्वतः आले. साहेब नेहमीसारखे दारात. “हं, मुकीबाई! काय शिकलात? गाणं म्हणा एखादं.”

सगळे खिदळले. ती वही घेऊन निघाली ती थेट साहेबांच्या मागे, दार अडवून उभी राहिली.

“तीन तारीख. अकरा. वीस. चौथी पायरी, रिबीट ढिलं. खाली तुमची सही.” आत्यासाठी कमावलेला आवाज पार पॅकिंगच्या टेबलांपर्यंत गेला. तिकडे खोक्यांवर टेप ओढणारे हातही थांबले.

“अगं, हळू...”

“माणूस तुम्ही पाडलात, साहेब. सही वाचून केलीत, की न वाचता?”

आणि ती गप्प झाली.

साहेबांनी मालकांकडे बघितलं. मालक वहीकडे बघत होते. पाच झाले. दहा झाले. “म्हणजे... कामाच्या गडबडीत...” साहेबांच्या कपाळावर घाम फुटला. तो तिनं पोटभर बघितला. महिनाभर याच घामासाठी तर घसा फाडला होता.

“बाजूला व्हा, बाई. मला काम आहे.”

ती तसूभरही हलली नाही.

“वाचून, की न वाचता? उत्तर द्या.”