पाचवी होऊ दे

विदर्भातलं मध्यप्रदेशचं राज्य गेलं, मुंबई राज्य आलं, कचेऱ्यांवरच्या पाट्या बदलल्या. केळझरच्या एका घरात मात्र शकुबाईचंच राज्य होतं. तिचा मुलगा रूपराव तिशीला आला, तरी बाजारातून वांगी आणायची की भोपळा, हे आईला विचारूनच घराबाहेर पडायचा. त्याच्या बायकोला, नलूला, आई नव्हती. म्हणून पहिलं बाळंतपण माहेरी न होता सासरीच झालं आणि बाळंतिणीच्या खोलीतही सासूचाच हुकूम चालला.

खोली अंधारी. खिडकीला गोधडी लावलेली, खाटेखाली शेगडी. मुलगा झाला त्या दिवसापासून शकुबाई त्याला तेल-हळद चोळत होती, रंग उजळावा म्हणून. तिसऱ्या दिवशी तो दूध ओढेनासा झाला. छातीशी धरलं की दोनदा चोखायचा आणि मान टाकून झोपायचा. नलूनं पदराचं टोक भिजवून त्याचं कपाळ पुसलं, पुन्हा पुसलं. पिवळेपणा जाईना. तिनं चिमणी जवळ ओढली आणि बोटानं त्याची पापणी उघडली. डोळ्यांतलं पांढरंही पिवळं होतं.

"मामीजी, पोराचे डोये पिवये दिसून राह्यले," ती सासूला म्हणाली.

"हळद लावली तं पिवयं नाई तं काय निळं दिसन?"

"डोयात कोनी हळद लावते का जी?"

"तुले एक झालं, मले सात झाले," शकुबाई म्हणाली. "तू नोको शिकवू मले."

सातांतले चार गेले होते, ते ती कधी मोजत नसे.

विटाळ म्हणून रूपराव दारातच उभा राहायचा. संध्याकाळी नलूनं त्याला तिथूनच विनवलं. "वर्ध्याच्या दवाखान्यात नेऊ याले. माह्या जिवाले चैन नाई."

त्यानं आधी मागं वळून आई कुठं आहे ते पाहिलं. "परवा पाचवी हाये. मायनं सेलूच्या पाहुण्यायले निरोप धाडला. पाचवीच्या आंधी बाळंतीण उंबऱ्याबाहेर गेली तं लोकं काय म्हनतीन? पाचवी होऊ दे, मंग नेऊ."

पाचवी झाली. पाहुणे आले, जेवले, पोराला लांबूनच पाहून नाकडोळे नीट आहेत म्हणून गेले. सटवाईनं येऊन नशीब लिहावं म्हणून पाटा पुजला, त्यावर कोरा कागद ठेवला. तिला लिहायला फारसं काही उरलं नव्हतं, घरच्यांनीच दोन दिवसांत बरंच लिहून ठेवलं होतं.

पहाटे पोरानं पाठीची कमान केली आणि असा काही बारीक, चिरका सूर काढला की रूपराव दारातून आईला हाका मारू लागला. शकुबाईनं दृष्ट काढली. तोवर नलू पोराला गुंडाळून स्वतःच उंबरा ओलांडून बाहेर पडली होती. मग रूपराव धावत तिच्या मागं गेला आणि वर्ध्याच्या मोटरीत चढला.

दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंनी ओल्या कापसानं पोराची हळद पुसली, डोळे पाहिले, हातपाय वाकवून पाहिले.

"कधीपासून पिवळा आहे?"

"तिसऱ्या दिवसापासून," नलू म्हणाली.

"मग आज का आणलात?"

प्रश्न रूपरावाला होता. "पाचवी होती," नलूच बोलली. बाईंनी लगेच नर्सला हाक मारली. अशी उत्तरं त्यांनी पुष्कळ ऐकली असावीत.

पोरगं बरेच दिवस तिथं होतं. नलू दूध वाटीत पिळायची आणि नर्स ते थेंबाथेंबानं त्याच्या तोंडात सोडायची. सकाळी त्याला व्हरांड्यातल्या कोवळ्या उन्हात निजवायचे. केळझरच्या अंधाऱ्या खोलीची आठवण झाली की नलूला कोणाचा तरी गळा धरावासा वाटे. हळूहळू रंग उतरला, पोरगं दूध ओढू लागलं. घरी जायच्या दिवशी बाईंनी नवराबायकोला समोर बसवलं.

"कावीळ गेली, पण ती डोक्यापर्यंत पोचली होती. अशानं कधी कधी कान जातात. आवाजाला दचकतो का, लक्ष ठेवा."

बाहेर आल्यावर रूपराव म्हणाला, "मायले नोको सांगू. तिच्या जिवाले लागन."

त्याला चिंता कोणाच्या जिवाची होती, हे नलूनं ऐकून घेतलं. त्या दिवसापासून नवरा तिच्या मनातून उतरला.

घरी आल्यावर ती भांडं ठेवायची तेही आवाज न करता. दार हळू लोटायची. शेजारणी म्हणायच्या, पोराच्या झोपेला किती जपते. झोपेचं नाव पुढं होतं. भांडं पडलं आणि पोरगं दचकलं नाही तर काय, या भीतीनं ती घर मुकं करून वावरत होती.

सव्वा महिन्यानं बारसं झालं. शकुबाई मिरवत होती, "डाक्टरीन काय करते? माह्या हातचं तेल हाये ते." नणंद अन्नपूर्णानं पाळण्यात वाकून कानात 'प्रभाकर' म्हटलं, कुर्र केलं, आणि बायांनी तिच्या पाठीत धपाधप बुक्के घालून एकच गलका केला. पोरगं जागं होतं. छताकडे पाहत अंगठा चोखत होतं. त्याची पापणीही हलली नाही.

"भारी धीराचं हाये," कोणी तरी म्हणालं.

नलूच्या छातीत इतके दिवस दाबलेलं सगळं वर आलं. "मामीजी, तुमी हाक मारा," ती म्हणाली. "इथून, पाळन्याच्या मांगून. तुमच्या आवाजानं तं वावरातले गडी उभे राह्यते."

शकुबाई खुशीत उठली. "प्रभाकर," तिनं हाक दिली. मग पुन्हा, जरा मोठ्यानं. मग एवढ्या मोठ्यानं की अंगणातली पोरं गप्प झाली. पाळण्यात अंगठा चोखणं चालूच होतं. बाया एकमेकींकडे पाहू लागल्या. शकुबाईचं तोंड उतरलं. ते उतरलेलं पाहावं असं नलूला वाटलं होतं; पाहिलं, आणि तिला फक्त रडू आलं.

शकुबाई पाळण्याला वळसा घालून पुढं आली, वाकली. तिचं तोंड दिसल्याबरोबर पोरगं बोळकं उघडून हसलं.

"पाहा, हसला," ती घाईघाईनं बायांना म्हणाली. "ऐकलं त्यानं. रूपराव, ऐकलं ना त्यानं?"

रूपराव घुगऱ्यांचं ताट घेऊन दारात उभा होता. त्यानं नलूकडे पाहिलं नाही.

"हो माय," तो म्हणाला, "ऐकलं."