डिकीतून ऐकलेला चढ

मित्रांनो, गाडीच्या पुढच्या बंपरमागे अकरा वर्षं इमानाने काढलेला मी एक जुना इंटरकूलर. देवाने ज्याला त्याला काम नेमून दिलं आहे. माझ्या वाट्याला फुंकर घालणं आलं. माझा शेजारी टर्बो हवा दाबून पुढे ढकलतो. दाबलेली हवा तापते, आणि तापलेल्या हवेने इंजिनाचं पोट भरत नाही. ती माझ्या नळ्यांतून फिरते, समोरचा वारा माझ्या पातळ पत्र्यांना लागतो आणि हवा निवून पुढे जाते. रागावलेल्या माणसाशी कुणी दोन शब्द गोड बोलावेत, तसं माझं काम.

माझा जन्म भट्टीतला. तपासनिसाने मला पाण्यात बुडवून पाहिलं, एकही बुडबुडा आला नाही, तेव्हा तो म्हणाला, "पोरगं धडधाकट आहे." ते शब्द मी अजून जपले आहेत.

माझी मालकीण नर्स. डोंगरावरच्या दवाखान्याचं दार सकाळी आठला तिने उघडायचं. कित्येक वर्षं आम्ही तो चढ हसत चढलो. पण माझ्या पत्र्यांत चिखल आणि किडे अडकत गेले, आत तेलाचा थर बसला. ते साफ करायचं कुणाच्या मनातही आलं नाही. उन्हाळ्यात अर्ध्या चढावरच मी तापून जाई आणि गाडीला धाप लागे. एका महिन्यात दोनदा उशीर झाला. तापाची लेकरं घेऊन माणसं दाराशी ताटकळली. मोठे डॉक्टर म्हणाले, "ताई, आता आणखी एकदा उशीर झाला, तर मला दुसरी नर्स बघावी लागेल."

तिचे बाबा चाळीस वर्षं नळकाम केलेले. ते म्हणाले, "मोठा इंटरकूलर आणू. घरीच बसवू. चार सांधे जोडायचे, त्यात काय एवढं?"

"बाबा, हे न्हाणीघर नाही."

"नळी ती नळी. तू नुसता पाना दे."

रविवारी दोघांनी अंगणात बंपर उतरवला, बोल्ट स्वयंपाकघरातल्या वाटीत टाकले आणि मला बाहेर काढलं. नवा माझ्या दुप्पट जाड, लखलखीत. मी जळलो, खोटं कशाला बोलू? त्याला जागा करायला बाबांनी आतलं प्लास्टिक थोडं कापलं. पण रबरी नळ्या काही केल्या तोंडावर चढेनात. मग जन्माच्या सवयीने त्यांनी बोटभर ग्रीस घेऊन चारही तोंडांना चोपडलं. नळ्या सरकन बसल्या.

"बघ, लोण्यासारख्या गेल्या," असं म्हणत त्यांनी पट्ट्या आवळल्या. सपाट रस्त्यावर गाडी झकास पळाली.

सोमवारी मला डिकीत ठेवलं. "राहू दे सोबत," बाबा म्हणाले, "म्हाताऱ्याची गरज कधी पडेल सांगता येत नाही."

"म्हणून तर तुम्हालाही घेतलंय."

चढ लागला, टर्बोने जोर केला, आणि फट्ट असा आवाज झाला. पाठोपाठ मोठा सुस्कारा, काळा धूर. गाडी कडेला थांबली. सात वाजून दहा मिनिटं झाली होती.

"नवा भागच खोटा निघाला," मालकीण रडवेली होऊन म्हणाली. "काढा तो. जुना लावा."

मित्रांनो, डिकीत माझं मन उड्या मारू लागलं. आता माझी पाळी! ते काम दोन तासांचं आहे, हे मला कळत होतं, तरीही.

बाबांनी बॉनेट उघडलं. एक नळी तोंडावरून निसटून लोंबत होती. त्यांनी कडेवरून बोट फिरवलं आणि ते ग्रीस लागलेलं बोट लेकीसमोर धरलं.

"भाग चांगला आहे गं. माझा हात चुकला. पाण्याचा नळ आट्यांनी धरलेला असतो, त्याला ग्रीस चालतं. इथे सगळा भार नुसत्या पकडीवर, आणि पकडच मी निसरडी करून ठेवली."

"चारही सांध्यांना लावलंय?"

"चारही. माझं काम अर्धवट नसतं."

ती हसू दाबत आपल्या पिशवीकडे वळली. स्पिरिट आणि कापूस काढून म्हणाली, "हात जपून घाला, तापलंय. जखम पुसतात तसं पुसा, आतूनसुद्धा." गालाला काळं लागेपर्यंत दोघं आत वाकली होती. सगळं कोरडं झाल्यावर नळ्या रेटून बसवताना बाबांचा घाम निघाला. पट्ट्या पुन्हा आवळल्या तेव्हा सात पस्तीस झाले होते.

मग मी डिकीत पडल्या पडल्या तो चढ ऐकला. इंजिन मोकळ्या गळ्याने गात होतं, कुठे धाप नाही, कुठे खंड नाही. तो नवा बंपरमागे शांतपणे फुंकर घालत होता. माझ्या ऐन उमेदीतही असा सूर लागला नव्हता, हे मी देवाला साक्ष ठेवून सांगतो. आठला पाच कमी असताना दवाखान्याचं कुलूप उघडल्याचा आवाज आला, आणि एका लेकराचं रडणं आत गेलं.

मित्रांनो, तुमच्यासाठी राबणाऱ्या वस्तूची धूळ वेळेवर पुसा. तिला धाप लागेपर्यंत थांबू नका. आणि काही बिघडलं, तर आधी आपल्या बोटाला काय लागलंय ते बघा. त्या चढावर बाबांनी दोष नव्यावर ढकलला असता, तर मी दिमाखात माझ्या जागेवर बसलो असतो, आणि ते लेकरू साडेनऊ वाजेपर्यंत बाहेर तापत राहिलं असतं. मी डिकीत राहिलो, तेच बरं झालं.